पेशंटचं काय जातंय?

शेजारच्या खाटेवरच्या काकू भाकरी खात होत्या. डब्याच्या झाकणात पिठलं, मांडीवर पेपराचा कागद, आणि पायथ्याशी बसून सून कांदा फोडत होती. ताप उतरला होता, रात्री झोप लागली होती, दुपारी सोडणार म्हणून पिशव्याही भरून झाल्या होत्या. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण मोबाइल हातात घेऊन आला. "आजी, जरा आडव्या व्हा. फोटो काढायचाय." काकूंनी निमूट झाकण खाटेखाली सरकवलं, हात पदराला पुसले आणि आडव्या झाल्या. त्यानं भिंतीवरच्या खिळ्याचा ऑक्सिजनचा मास्क काढून त्यांच्या तोंडावर ठेवला आणि नळीचं दुसरं टोक उशीखाली खोचलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. "डोळे मिटा." काकूंनी मिटले, पण त्याआधी डोक्यावरचा पदर नीट करून घेतला. दोन फोटो निघाले, मास्क परत खिळ्यावर गेला. "चांगला आला का रे?" काकूंनी विचारलं आणि झाकण पुन्हा वर घेतलं.

मी आत्याच्या सोबतीला होते. तिच्या पित्ताशयातले खडे काढले होते आणि ती गुंगीत पडून होती. दाराशी त्या मुलाला गाठून विचारलं, हे कशासाठी? "योजनेसाठी मॅडम, सरकारच्या मोफत उपचारांच्या. फोटो अपलोड केला नाही तर दवाखान्याचा क्लेम लटकतो." म्हटलं, पण त्यांना ऑक्सिजन लागला कुठे? तो हसला. त्या हसण्यात मग्रुरी नव्हती, उलट थोडी कीवच होती, शहरातून आलेल्या बाईला इतकं साधं कळू नये याची. "पेशंटचं काय जातंय मॅडम? त्यांच्या खिशातून एक रुपया गेलेला नाही."

आणि ते खरंच होतं. काकूंच्या खिशातून काही गेलं नव्हतं. त्यांना ताप होता, सलाइन लागलं, गोळ्या मिळाल्या, बऱ्या झाल्या. मास्कच्या फोटोनं त्यांचं ना रक्त सांडलं ना पैसे गेले. तक्रार करायची तर कुणी, आणि कशाची?

आमच्या घरानं या योजनेआधीचे दिवस पाहिलेत, म्हणून ते वाक्य मला झटकूनही टाकता येईना. माझ्या चुलत आजोबांच्या ऑपरेशनला विहिरीकडेचं रान विकलं. रान गेलं आणि आजोबाही गेले. १९९७ पासून जीवनदायी योजना होती, पण ती हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोजक्या आजारांना, आणि तिच्यासाठी कागद गोळा करता करता माणूस आणखी आजारी पडायचा. मग २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं नवी योजना आली, २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर झाली. त्यानंतरच्या वर्षी आमच्या तात्यांच्या हृदयाची झडप बदलली. केशरी रेशन कार्डावर. काउंटरवरच्या आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेच्या मदतनिसानं, कागद पाहिले, मुंबईहून मंजुरी आली, आणि तात्या छातीवर लांबलचक टाका घेऊन घरी परतले. सोडताना दवाखान्यानं त्यांच्या हातात एसटीचं भाडं ठेवलं; पॅकेजात ते धरलेलं असतं. तात्यांना याचा इतका अचंबा वाटला, की त्यांनी त्या नोटा मोडल्याच नाहीत, हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवल्या. पारावर वर्षभर एकच गोष्ट: "दवाखान्यानं पैसे घेतले नाहीत, उलटे दिले!" तात्या अजून आहेत, आणि रानही आहे.

पुढे नाव बदलून महात्मा फुले झालं, केंद्राची आयुष्मान भारत तिला येऊन मिळाली, दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली, २०२४ च्या जुलैपासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही दार उघडलं. गावातले लोक अजून 'जीवनदायी'च म्हणतात. त्यामुळे या योजनेत चोऱ्या होतात असं कुणी म्हटलं, की पहिल्यांदा मला राग येतो तो म्हणणाऱ्याचा. बऱ्याचदा त्याला योजनाच नको असते. चोरी हे त्याला निमित्त पुरतं.

पण तो मास्क डोक्यातून जाईना.

यातला हिशेब तसा सरळ आहे. शस्त्रक्रिया नसलेल्या आजारांना योजनेत दिवसाचा दर असतो, आणि तो पेशंटच्या आजारापेक्षा त्याची खाट कुठल्या पायरीवर आहे यावर ठरतो. आयुष्मानच्या सुरुवातीच्या दरपत्रकात साध्या वॉर्डाला दिवसाचे १,८००, त्यावरच्या देखरेखीच्या वॉर्डाला २,७००, आयसीयूला ३,६०० आणि व्हेंटिलेटरसह आयसीयूला ४,५०० रुपये होते. पुढे रक्कम वाढली, पायऱ्या राहिल्या. काकू त्याच, ताप तोच, खोलीही तीच. फक्त रकाना बदलला की दिवसाचा दर दीडपट, दुप्पट, अडीचपटही होतो. रकाना बदलायला पुरावा लागतो, पुरावा म्हणजे फोटो, आणि फोटोसाठी मास्क. तालुक्याच्या ठिकाणी खाटा पंधरा आणि योजनेच्या कागदावर एका वेळी दाखल पेशंट वीस, असलेही प्रकार तपासणीत सापडतात. बाह्यरुग्ण म्हणून गोळ्या घेऊन गेलेला माणूस कागदावर दोन रात्री मुक्कामाला असतो. एका ऑपरेशनची दोन करून लावतात. आणि सगळ्यांत जुनी युक्ती: योजनेकडूनही घ्यायचे, पेशंटकडूनही घ्यायचे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेचा, आयुष्मान भारतवरचा अहवाल संसदेत मांडला गेला तेव्हा दोन दिवस सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर तोच होता. ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर होता, दहा वेळा नऊ. उपचारादरम्यान मेल्याची नोंद झालेले ३,४४६ पेशंट नंतरही उपचार घेत होते, आणि त्यांच्यापोटी दवाखान्यांना ६.९७ कोटी रुपये दिले गेले होते. ४८,३८७ पेशंट एकाच वेळी दोन दवाखान्यांत दाखल दिसत होते. आम्हीही फॉरवर्ड केलं, हसलो. "मेलेल्यांनासुद्धा बरं करतात," असे विनोद झाले. नंतर सरकारचा खुलासा आला. मोबाइल नंबरावर पात्रता ठरत नाही, ओळख आधारवरून पटवतात, नंबरासाठी रकाना दिसला म्हणून कार्ड काढणाऱ्यानं कुठलेतरी दहा आकडे दाबले असतील. नवजात बाळाचे उपचार आईच्याच कार्डावर होतात, म्हणून आई एका दवाखान्यात आणि बाळ दुसऱ्यात असेल तर एकच नाव दोन ठिकाणी दिसतं. हे पटण्यासारखं आहे. गावात कार्ड काढायच्या शिबिरात वीज जायच्या आत शंभर नावं उरकायची असतात तेव्हा माणूस काय दाबतो, ते मी पाहिलंय. सगळंच काही लबाडी नसतं, पुष्कळसा आळस असतो. पण लबाडीला बसायला जागा आळसच करून देतो, आणि बाळाचा खुलासा मेलेल्या माणसाला लागू पडत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला सरकारनंच संसदेत सांगितलेले आकडे बघा. खासगी दवाखान्यांचे २.७ लाख दावे, ५६२.४ कोटी रुपयांचे, गैरप्रकार म्हणून अमान्य. १,११४ दवाखान्यांना यादीतून काढलं, ५४९ निलंबित. हे एकूण ६.६६ कोटी दाव्यांमधले. टक्केवारी काढली तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते, आणि एखादा अधिकारी समाधानानं मान डोलवू शकतो. सापडलेले इतके, असं मात्र त्यापुढे म्हणायला हवं. काकूंचा फोटो कुणाला सापडला असेल असं मला वाटत नाही. तो चांगला आला होता.

तर, पेशंटचं काय जातं?

पहिलं उत्तर कुणीही देईल: घरच्या पाच लाखांतून तेवढे वजा होतात. हे उत्तर तसं लंगडं आहे. वर्षात पाच लाख सहसा संपत नाहीत. पण मर्यादा कायम पाच लाखांची नव्हती. २००८ साली आलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला तीस हजारच होते. तीस रुपये भरून चिप असलेलं कार्ड मिळायचं. त्यात एक खोटी नोंद पडली, की वर्षभराचा विमा संपला. काउंटरवर कळायचं, कार्डात शिल्लक नाही. ते कुणी आणि कधी वापरलं, हे विचारायला जायचं तर त्याच दवाखान्यात.

दुसरं उत्तर सांगायला जरा जड आहे. याच कार्डाच्या काळात, २०१२ च्या सुमारास, बिहारमधल्या समस्तीपुरात आणि छत्तीसगडमध्ये दवाखान्यांनी बायकांच्या गर्भपिशव्या काढायचा सपाटा लावला होता. पोटात दुखतं म्हणून आलेली बाई, पांढरं जातं म्हणून आलेली बाई. "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." कार्डात पैसे आहेत, ऑपरेशनला दर आहे, आणि नको म्हणायला बाईजवळ काही नाही. चौकशा झाल्या, काही डॉक्टरांचे परवाने निलंबित झाले. आपल्या बीडचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे योजनेचं कार्ड नव्हतं. बहुतेकींनी खासगी दवाखान्यांत पदरचे नाहीतर मुकादमाकडून उचललेले पैसे मोजले होते. म्हणजे मोह योजनेनं जन्माला घातला, असं म्हणता येत नाही. बीडमधल्या बाईला निदान कर्ज डोक्यावर बसल्याचं कळत होतं. समस्तीपुरातल्या बाईला काहीच मोजावं लागलं नाही, त्यामुळे आपल्याशी सौदा झाला हेसुद्धा कळलं नाही.

आणि मग गुजरात. २०२४ च्या नोव्हेंबरात अहमदाबादच्या ख्याती हॉस्पिटलनं मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात मोफत तपासणीचं शिबिर घेतलं. तिथून १९ जणांना पुढची तपासणी म्हणून बसनं अहमदाबादला नेलं. अँजिओग्राफ्या झाल्या, सात जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत स्टेंट, म्हणजे जाळीच्या नळ्या, बसवले गेले. त्यांतले दोघं मेले. गावकऱ्यांनी दवाखाना फोडला, डॉक्टर आणि मालक मंडळींना अटक झाली, दवाखाना योजनेतून बाद झाला. गरज नसताना आयुष्मानच्या पैशांसाठी ही ऑपरेशनं केली, असा आरोप आहे. नातेवाइकांनी सांगितलं ते वाचून मला आमचा पार आठवला: त्या माणसांना फारसं काही होत नव्हतं. शिबिर फुकट होतं, बस फुकट होती, म्हणून ती गेली. आमच्या तात्यांना अशी बस दाराशी आली असती तर तेही धोतर झटकून आनंदानं चढले असते, देव्हाऱ्यातल्या नोटांच्या पुण्याईनं.

खोटा मास्क आणि खरा स्टेंट एकच, असं मला म्हणायचं नाही. त्या मुलाला स्टेंटचं सांगितलं असतं तर तोही हादरला असता. पण दोन्हींत पैसा आजाराला नव्हे, शरीराला चिकटलेला आहे. खाटेवर पडलेलं कार्डधारक शरीर दिसलं, की आधी दरपत्रक उघडायचं आणि मग आजार शोधायचा, ही सवय एकदा लागली की ती मास्कपाशी थांबायचं काही कारण राहत नाही. काकूंना त्या दुपारी फक्त डोळे मिटायला सांगितलं. दुसरं काही सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलंच असतं.

माझा एक शाळासोबती तालुक्याला वीस खाटांचा दवाखाना चालवतो. त्याच्याकडे हे सगळं तावातावानं बोलले. त्यानं शांतपणे चहा पिऊन घेतला आणि मग म्हणाला, "मी योजनेतून बाहेर पडलो, तुला माहितीय का?" दर जुने, पैसे महिनोन् महिने अडकलेले, औषधवाल्याची उधारी मात्र दर महिन्याला दारात. "आणि क्वेरी. रात्री दोनला अपघाताची केस येते. माझी सिस्टर रक्त थांबवेल की मोबाइल काढून फोटो काढेल? सकाळी क्वेरी येते, दाखल करतानाचा फोटो नाही. क्लेम रिजेक्ट. आणि ज्यानं पेशंट दाखलच केलेला नाही, त्याला वेळच वेळ असतो. त्याचे फोटो सुरेख, तारखा जुळलेल्या, सह्या जागेवर. खोट्या फायलीला कधी क्वेरी लागत नाही." तो हसला नाही. मग स्वतःहूनच म्हणाला, की बाहेर पडायच्या आधीच्या वर्षी त्याच्याही मनात आलं होतं, एखादा दिवस आयसीयूचा लावावा. "माझेच अडकलेले पैसे मी काढून घेतोय, अशी समजूत घालता येते स्वतःची." लावला की नाही, हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, मैत्री जुनी आहे. पण त्याच्या गावातल्या कार्डवाल्या माणसाला आता चाळीस किलोमीटरवर जावं लागतं, तिथे, जिथे फाईल सुरेख बनते.

यावर उपाय म्हणून पहारा वाढवतात. अंगठा, चेहरा, संगणकाकडून संशयास्पद दाव्यांची चाळणी. चाळणी हवीच. पण आमची वहिनी, तात्यांची सून, आशा सेविका आहे, गावातल्या लोकांची आयुष्मान कार्डं तिनंच काढलीत, आणि तिच्याकडून ऐकलं की या पहाऱ्याचा भार कुणावर पडतो ते कळतं. विळ्या-खुरप्यानं झिजलेला अंगठा यंत्राला उमटत नाही. मग बाईचा हात ओल्या फडक्यानं पुसायचा, पुन्हा दाबायचा, नाही जमलं तर चेहरा दाखवायचा, आणि आधारवरचा चेहरा पंधरा वर्षांपूर्वीचा. शिवाय रेशन कार्डावर सुमन, आधारवर सुमनबाई. कळ येत असते आणि काउंटरवर नाव जुळत नसतं. दवाखान्यालाच खोटं करायचं असेल, तर पेशंट खरा, अंगठाही खरा. खोटा असतो तो फक्त आजार, आणि तो अंगठ्यात उमटत नाही.

वहिनीनं एकदा मला एक चिठ्ठी दाखवली. गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशनची, तिच्याच वाडीतल्या एका पोराची. ऑपरेशन योजनेत मंजूर. चिठ्ठी म्हणजे औषधाच्या जाहिरातीच्या पॅडवरचा फाडलेला कागद, जाहिरातीची बाजू मागे. वर दवाखान्याचं नाव नाही, खाली सही नाही. निळ्या पेनानं लिहिलेलं: 'स्क्रू १८०००', आणि त्याखाली दोन रेघा. स्क्रू पॅकेजात येतो, वेगळे पैसे घ्यायचे नसतात, हे वहिनीला पक्कं ठाऊक. तिनं पोराच्या बापाला योजनेच्या १५५३८८ या नंबरावर फोन लाव म्हणून सांगितलं. बाप म्हणाला, डॉक्टर देवमाणूस आहे, नव्वद हजाराचं काम अठरात केलं. योजनेकडून त्याला उरलेले मिळाले की नाही, याच्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं. अठरा हजार गेल्याचं दुःखही नव्हतं. बहात्तर वाचल्याचा आनंद होता. मला हसावं की चिडावं ते कळेना. वहिनी मात्र चिडली होती. फोनवर नाव सांगावं लागतं, आरोग्यमित्र त्याच दवाखान्याच्या दारात बसतो, त्याच दवाखान्याचा चहा पितो, हेही तिनं आवाज न चढवता सांगितलं.

मी तिला म्हटलं, निदान डिस्चार्जच्या वेळी एक कागद मागायला शिकवायला हवं लोकांना. साध्या मराठीत: तुमच्यावर अमुक उपचार केले, इतके दिवस अमुक वॉर्डात ठेवलं, योजनेकडून इतके घेतले. मेसेज येतो, पण तो ज्या नंबरावर जातो तो मुलाचा असतो, मुलगा पुण्यात असतो, आणि त्याला वाटतं बँकेची जाहिरात आहे. कागद हातात असला तर कुणीतरी वाचेल, शाळेत जाणारी नात वाचेल. "आजी, तुला ऑक्सिजन लावला होता?" असं तरी कुणी विचारेल.

वहिनी कपाळावर आठ्या घालून ऐकत होती. म्हणाली, "मागायला लावीन मी. पण ताई, तो कागद मागणाऱ्याला पुढच्या खेपेला खाट मिळेल का, ते आधी मला सांगा. तालुक्यात योजनेचे दवाखाने दोनच आहेत." मग जरा विचार करून तिनंच तोडगा काढला. विचारायचं असेल तर टाके काढून झाल्यावर, पुन्हा दाखवायला बोलावलेली तारीख उलटून गेल्यावर, घरून फोन करून विचारावं. आणि फोन शक्यतो दुसऱ्याच्या मोबाइलवरून लावावा.